शेततळ्यात काय ओतू?

तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदाराचं पत्र आलंय. लांबलचक आहे, म्हणून कामापुरतं इथे देतो.

"माझं ३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोल, प्लॅस्टिक अंथरलेलं शेततळं आहे. बांधलं बागेसाठीच. गेल्या ऑगस्टमध्ये त्यात ३००० बोटुकली (माशांची पिल्लं) सोडली. कटला, रोहू, मृगळ आणि थोडे सायप्रिनस (कॉमन कार्प). आता मासा चारशे-पाचशे ग्रॅमचा झालाय. रोज १० किलो भुईमूग पेंड आणि कोंडा मिळून घालतो. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर बागेला पाणी काढावं लागतंय, त्यामुळे तळ्यात मीटर-सव्वा मीटरच पाणी उरलंय आणि ते दोन महिने गर्द हिरवं आहे. मागच्या आठवड्यात तीन दिवस ढगाळ होतं, चौथ्या दिवशी संध्याकाळी वळीव झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे सगळे मासे तोंड वर काढून होते. सत्तरेक मेले, त्यात मोठे कटलेच जास्त. उन्हं वर आल्यावर बाकीचे खाली गेले. शेजारी म्हणतो मोरचूद (कॉपर सल्फेट) टाक, मेहुणे म्हणतात चुना मारा. दुकानदाराने ऑक्सिजनच्या गोळ्या आणि झिओलाइटचं पोतं बाजूला काढून ठेवलंय. व्हॉट्सॲपवर पोटॅशियम परमँगनेट सांगतात. यातलं आधी काय ओतू?"

दादा,

काहीच ओतू नका. पेंडसुद्धा नको. तीन दिवस तळ्याला कडकडीत उपास. मासा एवढ्यात उपाशी मरत नाही, आणि हिरव्या पाण्यात त्याला चरायला असतंच. सल्ले देणाऱ्या सगळ्यांनी तुम्हाला काही ना काही आत घालायला सांगितलंय. पण तुमच्या तळ्याचं दुखणं आत फार गेल्याचं आहे.

दुसरं काम आज रात्रीचं. पंपाचं पाणी तळ्यातून उचलून तळ्यातच परत सोडायचं, पण मोठ्या धारेने नाही, फोडून. अडीच इंची पीव्हीसी पाईपच्या तुकड्याला ड्रिलने भोकं पाडा, नाहीतर कांद्याला वापरतो तो रेन पाईप काठाने उंच बांधा. पाण्याचे थेंब हवेतून पडले पाहिजेत. फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाणी ओढणारं तोंड, तळाला टेकवू नका, ड्रमला बांधून वरच्या निम्म्या पाण्यात अधांतरी ठेवा. तळातला गाळ ढवळला तर जे करायला गेलो त्याच्या उलटं होईल. मध्यरात्री सुरू करा आणि ऊन चांगलं वर येईपर्यंत चालू ठेवा.

आता मी एवढ्या खात्रीने का बोलतोय ते सांगतो. तुमच्या पत्रातच सगळं लिहिलंय. मासे पहाटे वर आले, ऊन आल्यावर खाली गेले. मेले ते मोठे, त्यातही कटले. हे प्राणवायू कमी पडल्याचं लक्षण आहे. मोठ्या माशाला जास्त लागतो, म्हणून तो आधी जातो. विषाची गोष्ट वेगळी असते. फवारणीचं औषध पाण्यात गेलं असतं तर लहानमोठे सगळे सापडले असते, बारके तर आधीच. ते दिवसाही मेले असते, वेडेवाकडे फिरत, अंग टाकत. आणखी एक खूण बघा. पाण्यावर उलटे पोहणारे पाणकिडे असतात ना, ते जिवंत आहेत का? ते हवा वरून घेतात, त्यामुळे पाण्यातला प्राणवायू संपला तरी त्यांना काही होत नाही. कीटकनाशकाने मात्र तेच पहिल्यांदा मरतात. ते मजेत फिरत असतील तर औषधाचा संशय काढून टाका.

मग प्राणवायू गेला कुठे? पाणी हिरवं दिसतं ते त्यातल्या सूक्ष्म शेवाळामुळे. दिवसा उन्हात ते शेवाळ प्राणवायू तयार करतं. साधं स्वच्छ पाणी ३० अंश तापमानाला लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू धरतं. गर्द हिरव्या तळ्यात दुपारी तीन-चारला तो त्याच्या दीडपटही चढलेला असतो. ऊन गेलं की मात्र तेच शेवाळ खाणारं तोंड होतं. रात्रभर मासे, शेवाळ, तळातला गाळ सगळे मिळून साठा संपवत राहतात, आणि सूर्य उगवायच्या आधी तासभर तो सगळ्यात खाली असतो. कटला-रोहूला ५ मिलिग्रॅम असले की तो मजेत. ३ च्या खाली गेलं की खाणं सोडतो. दीड-एकवर आला की तोंड वर काढतो, कारण हवेला लागून असलेल्या वरच्या बोटभर पाण्यातच थोडा जीव असतो.

तीन दिवस ढग होते म्हणजे तीन दिवस कमाई नाही आणि खर्च मात्र रोजचा. त्यावर वळीव. पावसाचं गार पाणी जड, ते खाली गेलं. तळाचं गाळाजवळचं पाणी, ज्यात प्राणवायू जवळपास नसतोच, ते वाऱ्याने आणि या उलथापालथीने वर आलं. वळवाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मासे मरतात ते यामुळे. लोक म्हणतात वीज पडली, पावसाच्या पाण्यात काहीतरी होतं. पावसाने फक्त खालचं वर केलं, दादा. खाली जे होतं ते आपणच साठवलेलं.

तुमच्या तळ्याचा हिशोब मांडून दाखवतो. ३० बाय ३० आणि ३ मीटर खोल तळ्याच्या बाजू साधारण दीडास एक (दीड मीटर आडवं, एक मीटर खोल) उताराच्या असतात, म्हणजे तळ २१ बाय २१ चा. काठोकाठ भरलं तर सुमारे २० लाख लिटर पाणी. एक मीटर उरलं तर पाणी एक तृतीयांश राहिलं असं आपल्याला वाटतं. तसं नसतं, कारण खाली तळं निमुळतं होत जातं. एक मीटरला फक्त ५ लाख लिटर उरतं, सव्वा मीटरला साडेसहा लाख. म्हणजे पाणी पाव झालं आणि मासे तेवढेच, उलट वजनाने वाढलेले. ३००० तली निम्मी बोटुकली वाचली असं धरलं तरी दीड हजार मासे, सहा-सातशे किलो. एअरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) नसलेल्या असल्या तळ्यात मी भरल्या पाण्यालासुद्धा दोन-अडीचशे किलोच्या पुढे जात नाही.

पेंडीचंही तसंच. माशाच्या वजनाच्या मानाने तुमची १० किलो जास्त नाही. वजनाच्या दोन टक्के धरले तर १३ किलो येते. म्हणून तुम्हाला कधी चुकल्यासारखं वाटलं नसेल. पण पाण्यालाही एक पोट असतं. हवा देणारं यंत्र नसेल तर हेक्टरी रोज ३० किलोच्या आसपास खाद्य तळं पचवू शकतं. तुमचं तळं ९०० चौरस मीटरचं, म्हणजे पावणेतीन किलो. तुम्ही त्याच्या साडेतीनपट घालताय.

त्या खाद्यातल्या नत्राचा पाण्यात अमोनिया होतो. एक किलो पेंड-कोंड्यामागे २५-३० ग्रॅम अमोनियाचा नत्र पाण्यात येतो, हे ढोबळमानाने धरा. १० किलोचे २५० ते ३०० ग्रॅम. ५ लाख लिटरला लिटरमागे रोज अर्धा मिलिग्रॅम आणि वर. मग तुमचे सगळेच मासे अमोनियाने कधीच मेले का नाहीत? कारण तुमचं ते हिरवं शेवाळ रोज तो अमोनिया खातंय. ज्याला मारायला निघालात तोच तुमच्या तळ्याचा सफाई कामगार आहे. तो फार झालाय एवढंच, कारण त्याला खायला फार मिळतंय.

म्हणून आता मोरचूदाकडे येतो. या एका सल्ल्याची मला खरी भीती वाटली. द्राक्षपट्ट्यात मोरचूद प्रत्येक घरात असतं, हाताला सवय असते. पण कसली सवय? फवारायच्या बोर्डो मिश्रणाला १०० लिटरला किलो मोजायची. तळ्यात ५ लाख लिटरला किलो म्हणजे लिटरमागे २ मिलिग्रॅम, आणि तेवढ्यानेही शेवाळ झोपतं. समजा प्रमाण अगदी बरोबर पडलं आणि मासे मोरचूदाने नाही मेले. तरी दोन महिन्यांचं गर्द शेवाळ एका दिवसात मरून तळाला जाईल. प्राणवायू करणारं कुणी राहणार नाही, कुजायला मात्र टनभर माल. अमोनिया खाणारंही कुणी नाही. दोन-तीन दिवसांत पाणी हिरव्याचं तपकिरी, मग राखाडी होईल, वास मारेल, आणि उरलेली सगळी मासळी तुम्हाला ट्रॉलीत भरावी लागेल. काही न टाकतासुद्धा पाण्याचा रंग अचानक असा उतरलेला दिसला तर त्या रात्री पंप बंद करायचा नाही, हे लक्षात ठेवा. शेवाळ आपणहूनही मरतं.

चुन्याचं म्हणाल तर मेहुण्यांचं चुकलेलं नाही, फक्त तळं चुकलंय. मातीच्या, आम्लधर्मी, नव्या तळ्यात चुना लागतो. तुमच्याकडे बोअरचं पाणी येत असेल तर ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा थर बसतो की नाही? तो पाण्यातल्या बायकार्बोनेटमुळेच, ज्याच्यासाठी तुम्ही आम्ल सोडून ड्रिपच्या लॅटरल नळ्या धुता. तो थर बसत असेल तर तळ्याला चुन्याची गरज नाही. उलट धोका आहे. अमोनिया दोन रूपांत असतो, एक निरुपद्रवी आणि एक विषारी. कुठला किती, ते पीएच ठरवतो. ३० अंशाला पीएच ७ असेल तर शंभरात एक भागसुद्धा विषारी नसतो. ८ ला सात-आठ भाग. ९ ला चाळीसच्या वर. गर्द हिरव्या पाण्याचा पीएच दुपारी आधीच ९ ला टेकलेला असतो, कारण शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं. त्यात कळीचा चुना मारला तर तोच अमोनिया, जो काल मुकाट होता, तो आज कल्ले जाळतो. फवारणीच्या पाण्याचा पीएच तुम्ही तपासता ना? तीच पट्टी संध्याकाळी चारला तळ्यात बुडवून बघा आणि पहाटे पुन्हा. दोन आकड्यांतला फरक जेवढा मोठा, तेवढं शेवाळ बेसुमार.

ऑक्सिजनच्या गोळ्या खोट्या नाहीत, थोड्या आहेत. ५ लाख लिटरमध्ये प्राणवायू लिटरला फक्त १ मिलिग्रॅमने वाढवायचा तर अर्धा किलो प्राणवायू लागतो, त्यासाठी त्या गोळ्या-पावडर चार किलोच्या आसपास. तो काही तासांत संपतो आणि जाता जाता पीएच वाढवतो. पंपच बंद पडला, डीपी जळाली, तर एखादा कोपरा वाचवायला म्हणून घरात चार किलो असू द्या. झिओलाइट अमोनिया धरतं, पण किलोला काही ग्रॅम, आणि जड पाण्यात त्याहून कमी. तुमचा एका दिवसाचा अमोनिया उचलायलाच पोती लागतील. पेंड बंद केली की तेवढंच काम फुकटात होतं. परमँगनेट बोटुकली सोडायच्या आधी धुवायला ठीक आहे. हिरव्या पाण्यात ते घाणीवरच खर्च होतं, वर शेवाळही मारतं.

गवत्या मासा (ग्रास कार्प) सोडला की पाणी निवळेल, असंही कुणीतरी सांगेल. गवत्या गवत खातो, हिरवं पाणी नाही.

हे मी पुस्तकातून बोलत नाही. आमचं रान कृष्णाकाठचं, उसाला पाणी देऊन देऊन क्षारपड झालेलं. उसाचं डोळंही उगवेना, तेव्हा एका कोपऱ्यात मातीचं तळं काढलं. पहिल्या वर्षी माशाला खाद्य तयार होतं म्हणून ताजं शेण टाकायचं कळलं, आणि मी एक ट्रॉली एका दमात ओतली. दुसऱ्या दिवशी पाणी छान हिरवट झालं, आणि मी गावात सांगत सुटलो. चौथ्या पहाटे आमच्या घरातून हाक आली, "अहो, तळ्यात रेडकं पाणी पितायत का बघा." रेडकू कांजी पिताना ओठांनी जसं चप-चप करतं, अगदी तसा आवाज, पण शेकडो तोंडांचा. कंदील नेला तर पाण्यावर नुसते गोल ओठ. मी काठावर उभा राहून बादलीने पाणी उडवत बसलो, दुसरं सुचेना. पन्नास बादल्यांनी एक मासा वाचत नाही हे उजाडेपर्यंत कळलं होतं. तो आवाज ऐकल्यापासून रात्री तळ्यावर चक्कर मारायची सवय लागली ती आजतागायत आहे.

तुम्हीही ती लावून घ्या. चक्कर दिवसा नको. दिवसा तळं नेहमी बरं दिसतं. पहाटे साडेचारला बॅटरी घेऊन जा, पण उजेड एकदम पाण्यावर मारू नका, मासा घाबरून खाली जातो आणि तुम्ही समाधानाने घरी जाता. आधी अंधारात उभं राहून ऐका.

तुम्ही म्हणाल, पहाटे पंप चालवायला लाईट असते कुठे. शेतीच्या फीडरला थ्री फेज पाळीनेच मिळते आणि तुमच्या पाळीची आणि माशांच्या अडचणीची वेळ जुळेलच असं नाही. म्हणून गावठाणाच्या सिंगल फेजवर चालणारी एक हॉर्सपॉवरची मोटार किंवा छोटा पॅडलव्हील एअरेटर तळ्यासाठी वेगळा ठेवा. तेही जमत नसेल तर डिझेल इंजिन. सौर पंप असेल तर तो रात्री कामाचा नाही, पण दुपारी आहे, आणि हे फार जण करत नाहीत. दुपारी बारा ते दोन वरच्या पाण्यात प्राणवायू ओसंडत असतो आणि तळाशी दुष्काळ असतो. त्या वेळी पंपाने पाणी फिरवलं तर वरची शिल्लक खाली पोचते, गाळ दिवसाच थोडा फेडला जातो आणि रात्रीची मागणी उतरते. पहिल्या दिवशी अर्धाच तास, मग वाढवत न्या. कुजका गाळ साचलेल्या तळ्यात एकदम चार तास पाणी फिरवणं म्हणजे वळवाचंच काम आपल्या हाताने करणं.

ताकारी किंवा म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचं आवर्तन तुमच्या भागात सुटत असेल तर तळ्यात चौथाई पाणी नवं घ्या, पण एका वेळी चौथाईच. बोअरचं घ्यायचं झालं तर ते उंचावरून, दगडांवर आपटत सोडा. जमिनीतून आलेल्या पाण्यात प्राणवायू बहुधा फार कमी असतो. यापुढे बागेला कितीही लागलं तरी तळ्यात दीड मीटरची खूण रंगवून ठेवायची आणि त्याखाली जायचं नाही. तिथे साधारण ८ लाख लिटर असतं. बाग आणि मासे यात बाग मोठी आहे हे मला कळतं. तसं असेल तर एप्रिलच्या आधी मासे विकून मोकळं व्हायचं, म्हणजे भांडणच नको.

ते विकणं या वर्षी लगेच करा. या तळ्याला खरा इलाज तोच आहे. चारशे-पाचशे ग्रॅमचा मासा मिरज-सांगलीच्या बाजारात जातो, बांधावरही जातो. निम्म्याहून जास्त काढा, कटल्यापासून सुरुवात करा. पहाटे जाळं ओढायची पद्धत आहे, पण तुमच्या तळ्यात सध्या पहाटे ओढलं तर धापा टाकणारा मासा जाळ्यातच मरेल. नऊ वाजू द्या. आदल्या दिवशी खाद्य नको. जाळ्याला लोखंडी वजनं असतील तर ती काढून कापडात वाळू भरून शिवा, नाहीतर माशाबरोबर प्लॅस्टिकही वर येईल. मेलेले मासे कॅनॉलला किंवा विहिरीत टाकले नसतील अशी आशा आहे. खड्डा, वर चुना, वर माती. मेहुण्यांचा चुना तिथे वापरा.

प्लॅस्टिकच्या तळ्याची एक अडचण मातीच्या तळ्याला नसते. माती गाळ थोडा मुरवते, पचवते. प्लॅस्टिकवर पेंड पडली तर ती तिथेच राहते. तळ्याच्या मधोमध काळा, लोण्यासारखा गाळ झाला असेल आणि सडक्या अंड्याचा वास येत असेल, तर तो पाईपने सायफन करून थोडा थोडा बाहेर काढा, दर आठवड्याला. हे पाणी ड्रिपला देऊ नका, सँड फिल्टर दिवसातून चार वेळा धुवावा लागेल. बांधावरच्या कडवळाला, नारळाला मोकळं सोडा. त्यातलं नत्र कुठल्याही खताइतकं कामाचं आहे.

पेंड पुन्हा सुरू कराल तेव्हा मुठीने फेकू नका. जुनी घमेली किंवा प्लॅस्टिकची ट्रे दोरीने हातभर खाली सोडा, त्यात घाला, दोन तासांनी वर ओढून बघा. उरलं असेल तर उद्या कमी. ढगाळ दिवशी निम्मं, मासे वर आले त्या दिवशी शून्य. तळ्यातले मासे कमी झाल्यावर अडीच किलोपासून सुरू करा.

आणि एक वस्तू घरी बनवा. जेवणाची २० सेंटिमीटरची स्टीलची ताटली घ्या, चार भाग करून समोरासमोरचे दोन काळे, दोन पांढरे रंगवा. मधे भोक पाडून नायलॉनची दोरी ओवा, खाली दगड बांधा, दोरीला दर ५ सेंटिमीटरला गाठ. अकरा-बाराच्या सुमाराला, ऊन पाठीवर घेऊन, ताटली हळू सोडा. दिसेनाशी झाली की गाठी मोजा. २५ ते ४० सेंटिमीटर असेल तर पाणी झकास. २० च्या आत आलं तर शेवाळ फार, पेंड तोडा आणि रात्री पंप तयार ठेवा. ६० च्या पुढे गेलं तर पाण्यात माशाला चरायला काही नाही. इटलीच्या आंजेलो सेकी नावाच्या पाद्र्याने १८६५ साली समुद्रात अशीच, पण नुसती पांढरी ताटली सोडली होती. तेव्हापासून तिच्याहून स्वस्त आणि खरं यंत्र काही आलेलं नाही. ताटलीही नसेल तर हात कोपरापर्यंत बुडवा. तळव्याच्या रेषा दिसायच्या बंद झाल्या पण बोटं अंधुक दिसतात, एवढं हिरवं ठीक. मनगटच दिसेना तर जास्त झालं.

प्रयोगशाळेत बाटलीतून पाणी नेऊन अमोनिया आणि प्राणवायू तपासायच्या भानगडीत पडू नका. बाटलीतलं शेवाळ रस्त्यात श्वास घेत असतं, पोचेपर्यंत ते पाणी वेगळंच झालेलं असतं. थेंब टाकून रंग बघायचं किट काठावरच वापरायचं, पहाटे आणि दुपारी. पीएच आणि अमोनिया एवढी दोन किटं पुरेत. हजारोंचा प्राणवायू मीटर तुमच्या एका तळ्याला परवडणार नाही आणि लागणारही नाही. गावात चार-पाच तळी असतील तर वर्गणीतून घ्या.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी वर दिलं नाही, पण वाचताना पोटात गोळा आला. तुम्ही लिहिलंय की ब्लोअरची, म्हणजे फवारणी यंत्राची टाकी याच तळ्यावर भरता. पाईपचं तोंड टाकीतल्या पाण्यात बुडालेलं असताना मोटार बंद झाली की पाणी उलटं येतं, आणि येताना टाकीत घातलेलं औषध घेऊन येतं. सायपरमेथ्रिन किंवा लॅम्बडासारखं कीटकनाशक असेल तर लिटरमागे मिलिग्रॅमचा हजारावा भागसुद्धा माशाला पुरतो. पाईपचं तोंड टाकीच्या काठापेक्षा वीतभर वर, कायमचं तारेने बांधा. आधी पाणी, औषध तळ्यापासून लांब नेऊन मग. टाकी तळ्याच्या उताराला धुवायची नाही. ब्लोअरने तळ्यात हवा मारू, अशी आयडिया कुणी दिली तर त्याला चहा पाजून घरी पाठवा.

जूनमध्ये पाऊस लागला की तळं भरेल आणि ऑगस्टला पुन्हा बीज मिळेल. या मापाच्या तळ्याला ९०० बोटुकली, चौरस मीटरला एक. बीजवाला ३००० घ्या, मरतात काही, असं म्हणेल. त्याचं काम विकायचं आहे. बोटुकली बोटाएवढी घ्या, नखाएवढी नको, मग फारशी मरत नाहीत.

पुढचं पत्र लिहाल तेव्हा तीन आकडे कळवा: ताटली किती सेंटिमीटरला दिसेनाशी झाली, पीएच पहाटे किती आणि दुपारी चारला किती. आणि पाणकिड्यांचं विसरू नका.